वाडीच्या ट्रान्सपोर्टचा सर्व्हर बूटला अडकला, त्याचं पूर्ण प्रकरण

अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांचे जे गोडाऊन आहेत, त्यातल्या एका ऑफिसचं हे प्रकरण. नाव सांगत नाही, गरजही नाही. सर्व्हर एकच आहे, वरच्या माळ्यावर काचेच्या केबिनमध्ये, डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि बिल्टीचं, म्हणजे मालाच्या पावतीचं, सॉफ्टवेअर चालतं. ओएस आणि डेटाबेस एका छोट्या एसएसडीवर आहे, आणि सटाच्या दोन ४ टीबी डिस्क रेड-१ मध्ये (दोघींवर एकच डेटा) लावून त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी सोय) आणि त्यात एक मोठं व्हॉल्यूम आहे, ज्यात २००८ पासूनच्या सगळ्या बिल्ट्या आणि पीओडीचे (माल पोचल्याच्या पावत्यांचे) स्कॅन पडून आहेत. दीड कोटीच्या वर फाईली, एकेक साधारण १५० केबीची. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच येतं.

नवतप्यातली रात्र, दोनच्या आसपास वीज गेली. जनरेटर काही सेकंदांत सुरू झाला पण तेवढे सेकंदसुद्धा यूपीएसने काढले नाही. बॅटऱ्या जुन्या होत्या आणि मे महिन्यात त्या माळ्यावर कूलर बंद असला की काय होतं ते नागपूरवाल्याला सांगायला नको. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ डिग्रीला धरलेलं असतं, दर दहा डिग्रीला ते साधारण अर्धं होत जातं, आणि इथे तर बाहेरच ४५ च्या वर. असो. सर्व्हर बंद पडून परत चालू झाला आणि बूट होताना एका ओळीवर थांबला.

रात्रपाळीच्या ऑपरेटरने स्क्रीनवर वाचलं, की फाईल सिस्टिम चेकचा स्टार्ट जॉब चालू आहे, आणि कंसात वेळ, चार मिनिटं अमुक सेकंद, त्यापुढे तिरपी रेघ आणि "नो लिमिट". पोराने दहा मिनिटं वाट पाहिली, मग पॉवर बटण दाबून धरलं. परत तेच. परत बटण. मग मला फोन, "भाऊ, हे नो लिमिट लिहून येऊन राहिलं, म्हणजे हे संपतच नाही का? खाली गाड्या लागल्या, बिल्टी निघून नाही राहिली, ड्रायव्हर लोकं वर येऊन भांडून राहिले."

पोराचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. नो लिमिट म्हणजे सिस्टमडीने (बूटला सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) या जॉबला टाइमआउट ठेवलेला नाही एवढंच, आणि ते बरोबरच आहे, कारण अर्ध्यात चेक मारून टाकण्यापेक्षा थांबलेलं बरं. पण रात्री दोन वाजता ज्याच्या डोक्यावर ड्रायव्हर उभे आहेत त्याने त्या शब्दांचा दुसरा काय अर्थ लावावा. टक्केवारी दिसली असती तर तो थांबला असता. ती दिसत नव्हती कारण ग्रबच्या (बूट सुरू करणारा मेनू) कर्नल लाईनमध्ये "क्वाएट" होतं. ते काढलं की सिस्टमडीचं एफएससीके (फाईल सिस्टिम तपासणारा प्रोग्राम) कन्सोलवर किती टक्के झालं ते दाखवतं, हा एक शब्दाचा बदल आधी झाला असता तर दोन वेळचं बटण वाचलं असतं.

मी त्याला म्हटलं, आता हात लावू नको, आणि स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाक. तिसऱ्यांदा चेक चालू झाला, कोणी बटण दाबलं नाही, आणि साडेचारच्या सुमारास तो स्वतःच थांबला. ब्लॉक दोनदा वापरात आहे अशी एक ओळ, त्याखाली ठळक अक्षरात "अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली". मग इमर्जन्सी मोड. आणि इमर्जन्सी मोडमध्ये तर आणखी मजा, कन्सोल उघडता येत नाही कारण रूट अकाउंट (सर्व अधिकार असलेला मुख्य युजर) लॉक आहे, एंटर दाबा. एंटर दाबलं की फिरून तेच.

ही दुसरी गोष्ट डेबियनवर बऱ्याच ठिकाणी दिसते. इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला की इन्स्टॉलर रूट लॉक करतो आणि पहिल्या युजरला सूडो (रूटचे अधिकार वापरायची सोय) देतो. रोजच्या कामाला ते छानच आहे. पण इमर्जन्सी शेलला रूटचाच पासवर्ड लागतो, आणि तो नाहीच, म्हणजे ज्या दिवशी दार हवं त्या दिवशी दाराला कुलूप. एकतर रूटला पासवर्ड देऊन तो शेठच्या तिजोरीत ठेवायचा, नाहीतर इमर्जन्सी आणि रेस्क्यू या दोन सर्व्हिसमध्ये सिस्टमडी-सुलॉगिन-फोर्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करायचा, मग पासवर्डशिवाय शेल मिळतं. दुसऱ्या उपायात सर्व्हरपाशी येणारा कोणीही आत शिरू शकतो, त्यामुळे केबिनला कुलूप नसेल तर पहिलाच बरा. इथे आम्ही पहिला केला.

मी पाच वाजता तिथे पोचलो. पहिलं काम सर्व्हर दुरुस्त करणं नव्हतं, बिल्टी चालू करणं होतं, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या घाईत कोणाला सुचत नाही. बिल्टी छापायला काय लागतं? पोस्टग्रेस, जो एसएसडीवर आहे आणि ठणठणीत आहे. जुन्या पीओडीचे स्कॅन पार्टीने मागितले की लागतात, पहाटे पाचला कोणी मागत नाही. ग्रबच्या मेनूवर "ई" दाबलं, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी इनिट म्हणून बॅश दिलं, ओएसची रूट फाईल सिस्टिम रीड-राईट रीमाउंट केली, एफएसटॅबमधल्या (बूटला काय काय माउंट करायचं, म्हणजे जोडायचं, त्याची यादी) स्कॅनच्या ओळीपुढे हॅश टाकला, सिंक करून रीबूट. सर्व्हर उभा, बिल्टी सुरू, गाड्या निघाल्या. चहा आला.

आता खरं प्रकरण.

सकाळी नऊला सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचा माणूस फोनवर आला आणि त्याचा सल्ला ठरलेला होता: हा ऑटोमॅटिक चेक कायमचा बंद करा, आजकाल जर्नल (बदलांची आधी लिहिलेली नोंद) असतं, चेकची गरजच नसते. शेठलाही ते पटलं होतं, रात्रीचा राग होताच. आणि या सल्ल्यात अर्धं खरं आहे म्हणूनच तो धोक्याचा आहे.

अर्धं खरं असं. ईएक्सटी३ आणि ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाईल सिस्टिममध्ये वीज अचानक गेली तरी पुढच्या बूटला फक्त जर्नल रिप्ले होतं, काही सेकंदांत, पूर्ण चेक होत नाही. पूर्ण चेक व्हायला वेगळी कारणं लागतात: सुपरब्लॉकमध्ये (फाईल सिस्टिमची स्वतःची माहिती असलेला ब्लॉक) एररचा शिक्का असेल, माउंट काउंट ठरलेल्या कमाल आकड्याला पोचला असेल, किंवा शेवटच्या चेकपासून ठरलेले दिवस उलटले असतील. शेवटची दोन्ही म्हणजे ठरावीक मुदतीची तपासणी, आणि ती जुन्या एमकेईटूएफएसमध्ये (फाईल सिस्टिम बनवणारा प्रोग्राम) आपोआप चालू असायची: मुदत १८० दिवस आणि माउंटची संख्या २० च्या वर कुठेतरी, ती प्रत्येक फाईल सिस्टिमच्या यूयूआयडीवरून (ओळख क्रमांक) थोडी वेगवेगळी ठेवायचे म्हणजे सगळ्या पार्टिशनांचा चेक एकाच दिवशी येऊ नये. ईटूएफएसप्रॉग्स (या सगळ्या प्रोग्रामांचा संच) १.४२ पासून, २०११ मध्ये, नवीन फाईल सिस्टिमला ही मुदत घालणं बंदच केलं. म्हणजे आज बनवलेल्या ईएक्सटी४ ला हा प्रश्न नाही. पण हा आकडा सुपरब्लॉकमध्ये लिहिलेला असतो, ओएसमध्ये नाही. डिस्क बदला, रीसाइझ करा, क्लोन करा, डेबियनच्या चार आवृत्त्या चढवा, तो तसाच सोबत येतो.

इथे नेमकं तेच झालं होतं. सुपरब्लॉक वाचून दाखवणारं डम्प-ई-टू-एफएस मायनस एच मारलं तर: चेक इंटरव्हल १५५५२०००, कंसात ६ मंथ्स. कमाल माउंट काउंट २९, झालेले माउंट ११. शेवटचा चेक सहा महिन्यांच्याही आधीचा. फाईल सिस्टिम बनल्याची तारीख २००८. शेठनी ते बघून लगेच, "म्हणजे तो म्हणतो तेच, मुदत संपली म्हणून अडकलं."

पण रात्रीचा फोटो माझ्याकडे होता. मुदत संपल्यामुळे चेक झाला असता तर ई-टू-एफएससीके (ईएक्सटीसाठीचं एफएससीके) लिहितं की इतके दिवस चेकशिवाय गेले, म्हणून चेक फोर्स्ड. माउंटमुळे असता तर इतक्या वेळा माउंट झाली असं लिहितं. फोटोत लिहिलेलं होतं, फाईल सिस्टिममध्ये एरर आहेत, चेक फोर्स्ड. ही एक ओळ सगळं बदलते. मुदत संपलेली होती हे खरं, पण ती नसती तरी त्या रात्री चेक झालाच असता, कारण एररचा शिक्का आधी बघितला जातो आणि तो असला की बाकी काही बघायची गरजच राहत नाही. ट्यून-टू-एफएसने (सुपरब्लॉकमधले आकडे बदलणारा प्रोग्राम) दोन्ही मुदती शून्य करून ठेवल्या असत्या तरी ड्रायव्हर त्या रात्री भांडायला आलेच असते.

मग शिक्का कधी लागला? डम्प-ई-टू-एफएसच्या त्याच आउटपुटमध्ये खाली असतं, लोक तिथपर्यंत वाचत नाहीत. एररची संख्या, पहिल्या एररची वेळ, शेवटच्या एररची वेळ. पहिली एरर फेब्रुवारीतली निघाली. कर्नल लॉग उघडला तर दर २४ तासांनी एक ओळ पडत होती, शेवटच्या एफएससीकेनंतर एरर इतक्या. रोज. चार महिने. ही ओळ ईएक्सटी४ स्वतःहून टाकतं, मुद्दाम आठवण म्हणून, आणि या ऑफिसात लॉग बघायला कोणी नव्हतं. शिवाय एरर आली की काय करायचं हे सुपरब्लॉकमध्ये "कंटिन्यू" होतं, त्यामुळे फाईल सिस्टिम बिघडलेली असून रोज त्यात नवे स्कॅन पडत राहिले. त्याजागी रीमाउंट-आरओ (फक्त वाचता येईल असं करणं) असतं तर फेब्रुवारीतच स्कॅनिंग थांबलं असतं आणि दिवसाढवळ्या फोन आला असता.

फेब्रुवारीत काय घडलं ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. वीज तेव्हाही गेली होती. आणि एफएसटॅबमध्ये स्कॅनच्या ओळीत लिहिलेलं होतं "बॅरिअर इज इक्वल टू झिरो". कोणीतरी कधीकाळी स्पीड वाढावा म्हणून टाकलेलं, ओळ जशीच्या तशी दर अपग्रेडला पुढे आली. बॅरिअर म्हणजे फाईल सिस्टिम डिस्कला सांगते की जर्नलचं हे लिखाण प्लॅटरवर पक्कं झाल्याशिवाय पुढचं लिहू नको. ते बंद केलं की डिस्कची कॅश आपल्या सोयीने क्रम बदलते, आणि वीज गेली की जर्नल म्हणतं झालं, प्रत्यक्षात झालेलंच नसतं. ज्या जर्नलच्या भरवशावर आपण म्हणतो चेकची गरज नाही, त्या जर्नलचा भरवसाच बॅरिअर शून्य केल्याने जातो. बॅटरीवाली कॅश असलेलं रेड कार्ड असेल तर गोष्ट वेगळी, इथे साधं सॉफ्टवेअर रेड होतं. ईएक्सटी४ मध्ये बॅरिअर आपसूक चालू असतो, म्हणजे काही न लिहिणंच बरोबर होतं.

तर चेकने रात्री जे केलं ते त्याचं कामच होतं. त्याने खराबी शोधली, आपोआप करण्यासारखी दुरुस्ती नाही हे ओळखलं आणि थांबला. बूटच्या वेळी ई-टू-एफएससीके प्रीन मोडमध्ये चालतं, बिनधोक असेल तेवढंच दुरुस्त करतं. दोन फाईली एकाच ब्लॉकवर हक्क सांगत असतील तर कोणाला द्यायचा हे माणसाने ठरवायचं, म्हणून पहिला पास संपला की प्रीन तिथेच थांबतं. पहिल्या दोनदा पोराने बटण दाबलं तेव्हा चेक तिथवर पोचलाच नव्हता. ऑफिसात सगळे त्याच्या नावाने ओरडत होते की बटण दाबून डिस्क बिघडवली, तर तसं नाही, पहिल्या पासमध्ये मुख्यतः वाचणंच चालतं. तरी चालू चेकमध्ये बटण दाबू नये ते नयेच.

दुरुस्तीचं सांगतो, कारण घाईत लोक सरळ मायनस वाय (प्रत्येक प्रश्नाला हो) मारतात आणि मग डोक्याला हात लावतात. आधी मायनस एफ आणि मायनस एन, म्हणजे काहीच न लिहिता किती आणि काय बिघडलंय तेवढं बघायचं. मायनस एनमध्ये जर्नल रिप्ले होत नाही, त्यामुळे जर्नल बाकी असेल तर नसलेल्या चुकाही दिसतात, इथे ते रात्रीच रिप्ले झालं होतं म्हणून आकडे विश्वासाचे. मग एक बाहेरची यूएसबी डिस्क लावली आणि मायनस झेड देऊन अनडू फाईल तिच्यावर ठेवली. ही सोय १.४३ पासून आहे, ई-टू-एफएससीके जे ब्लॉक बदलणार त्यांचं आधीचं रूप त्या फाईलमध्ये जातं, आणि दुरुस्तीने जास्तच घोळ झाला तर ई-टू-अनडूने मागे येता येतं. फार कमी लोक वापरतात, का कोण जाणे. त्यानंतर मायनस वाय, मायनस कॅपिटल सी शून्य, म्हणजे टक्के दिसतात, आणि सगळं टीमक्समध्ये, लॅपटॉपची बॅटरी गेली तरी चेक चालू राहावा.

पाच तास लागले. आता एवढा वेळ का, याचं उत्तर या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग आहे. चेकचा वेळ डिस्कच्या टीबीवर फारसा ठरत नाही, इनोड (प्रत्येक फाईलची नोंद) किती आणि ते कसे पसरलेत यावर ठरतो. ही फाईल सिस्टिम २००८ ची, म्हणजे ईएक्सटी३. लिनक्स ४.३ मध्ये, २०१५ ला, ईएक्सटी३ चा वेगळा ड्रायव्हरच काढून टाकला, तेव्हापासून ईएक्सटी४ चा ड्रायव्हर ती चालवतो, त्यामुळे एफएसटॅबमध्ये ईएक्सटी४ लिहिलं की माउंटला टाइपही ईएक्सटी४ दिसतो आणि सगळ्यांना वाटतं आपण ईएक्सटी४ वर आहोत. डिस्कवरची रचना मात्र जुनीच. ईएक्सटी३ मध्ये फाईलचे पहिले बारा ब्लॉक इनोडमध्येच नोंदलेले असतात, ४ केबीच्या हिशोबाने ४८ केबी. त्यापुढची यादी वेगळ्या इनडायरेक्ट ब्लॉकमध्ये. स्कॅन १५० केबीचा, म्हणजे प्रत्येक स्कॅनला एक इनडायरेक्ट ब्लॉक, आणि पहिल्या पासला तो प्रत्येक वाचावा लागतो. दीड कोटी फाईली, दीड कोटी जादा वाचनं, फिरणाऱ्या डिस्कवर. ईएक्सटी४ ची खरी एक्स्टेंट रचना असती तर चार सलग तुकड्यांपर्यंतची नोंद इनोडमध्येच मावते, आणि असा स्कॅन एक-दोन तुकड्यांचाच असतो. वरून जुन्या रचनेत रिकाम्या इनोडचे टेबलसुद्धा पूर्ण वाचले जातात, नवीन ईएक्सटी४ न वापरलेले भाग सोडून देतं, आणि टेबल एकत्र गोळा करून ठेवतं, म्हणून हेड कमी पळतं. तीच डिस्क, तेवढाच डेटा, रचना वेगळी म्हणून वेळ वेगळा.

चेक संपल्यावर लॉस्ट अँड फाउंडमध्ये काहीशे फाईली निघाल्या, नावाऐवजी हॅश आणि इनोड नंबर. नशिबाने स्कॅनवर बिल्टीचा बारकोड असतो, तो वाचून नावं परत लावता आली, ऑफिसातल्या दोन पोरांनी दुपारभर बसून केलं. एकाच ब्लॉकवर हक्क सांगणाऱ्या फाईली जास्त त्रासाच्या होत्या: ई-टू-एफएससीके ब्लॉकची नक्कल करून दोघींना देतं, पण मजकूर एकाचाच असतो, त्यामुळे वर एका पार्टीची पावती आणि खाली दुसऱ्याचा शिक्का असे स्कॅन निघाले. ते बॅकअपमधून आणले. बॅकअप आरसिंकने होत होता आणि आरसिंक साधारणपणे साइझ आणि तारीख बघूनच फाईल बदलली का ते ठरवतं, आतला मजकूर बघत नाही, म्हणून बिघडलेल्या फाईली बॅकअपवर चढल्याच नव्हत्या. याला कोणाचं शहाणपण म्हणता येणार नाही.

मग शेठशी बसून पुढचं ठरवलं. ते अजूनही "बंदच करा ना" वर होते. मी म्हटलं, शेठ, गाडीचं पासिंग तुम्ही कधी टाळता का? नाही. पण माल भरलेली गाडी कोणी पासिंगला नेतं का? तेही नाही. तर सर्व्हरच्या तपासणीचा दिवस आपण ठरवू, वीज जाईल तेव्हा ती ठरवेल असं ठेवायचं नाही, आणि तपासणी चालू असताना धंदा थांबायचा नाही. हे त्यांना एका मिनिटात समजलं, इतका वेळ मी सुपरब्लॉक सुपरब्लॉक करत होतो.

प्रत्यक्षात काय केलं ते सांगतो. स्कॅनच्या व्हॉल्यूमवर ट्यून-टू-एफएसने मायनस सी शून्य, मायनस आय शून्य, म्हणजे मुदतीची तपासणी बंद. हो, शेवटी बंदच केली, पण त्याजागी दुसरी बसवून. एररचं वागणं रीमाउंट-आरओ केलं. एफएसटॅबमधून बॅरिअर शून्य काढलं. सहावा रकाना, पासनो, सॉफ्टवेअरवाला शून्य करा म्हणत होता, तो २ च ठेवला: रूट फाईल सिस्टिमला १, बाकीच्यांना २, शून्य म्हणजे कधीच बघू नको, एररचा शिक्का असला तरी. ज्या मशीनवर तीन-चार वर्षं कोणी लॉगिन करत नाही तिथे शून्य लिहून ठेवणं मला मान्य नाही.

त्याऐवजी त्या ओळीत "नोफेल" टाकलं. त्याने काय होतं, की चेक चालू असला किंवा फसला तरी बाकीचं बूट त्याच्यासाठी थांबत नाही, एसएसएच वर येतं, पोस्टग्रेस वर येतो, बिल्टी निघते, आणि मी घरून लॉगिन करून चेक कुठवर आलाय ते बघू शकतो. त्या रात्री नोफेल असतं तर कोणाला कळलंही नसतं.

पण नोफेल एकटं टाकून निघून जाऊ नका, यात एक खड्डा आहे. व्हॉल्यूम माउंट झालेलं नसताना सांबा (नेटवर्कवर फोल्डर देणारी सर्व्हिस) आणि स्कॅनिंगची सर्व्हिस सुरू झाली तर माउंट पॉइंटचा रिकामा फोल्डर त्यांना दिसतो, आणि ते आनंदाने त्यातच नवे स्कॅन टाकतात, म्हणजे एसएसडीवर. मग चेक संपून व्हॉल्यूम वर माउंट झालं की ते स्कॅन खाली झाकले जातात, गायब, आणि एसएसडी कशाने भरला ते शोधत बसा. म्हणून त्या दोन्ही सर्व्हिसच्या युनिटमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर टाकून स्कॅनचा पाथ दिला, माउंट झाल्याशिवाय त्या सुरूच होत नाहीत. आणि जोड म्हणून, व्हॉल्यूम उतरवलेलं असताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचएटीटीआरने प्लस आय लावला, आता त्यात रूटलाही फाईल बनवता येत नाही. माउंट मात्र नीट होतं.

तपासणीची जागा घेतली ई-टू-स्क्रबने. ईटूएफएसप्रॉग्स १.४५ पासून आलेलं, २०१९ मध्ये, फक्त एलव्हीएमवर चालतं: चालू व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतं, त्यावर ई-टू-एफएससीके चालवतं, सगळं ठीक असेल तर मूळ व्हॉल्यूमवर माउंट काउंट शून्य आणि चेकची तारीख आजची करतं, बिघाड दिसला तर शिक्का मारतं म्हणजे पुढच्या बूटला खरा चेक होतो. दुरुस्ती स्वतः करत नाही. टायमर रविवारी पहाटे ३:१० चा आहे, पण कॉन्फिगमध्ये पिरियॉडिक-ई-टू-स्क्रब १ केल्याशिवाय तो काहीच करत नाही, हे न बघता लोक समजतात की चालू आहे. दुसरं म्हणजे व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा लागते, साधारण २५६ एमबी, आणि इथे कोणीतरी शंभर टक्के जागा व्हॉल्यूमला देऊन टाकलेली. शिवाय चेक चालू असताना स्नॅपशॉटच्या साइझपेक्षा जास्त लिखाण झालं की स्नॅपशॉट बाद होतो आणि तपासणी वाया. पाच तासांचा चेक, त्यात रविवारी सकाळी आठला स्कॅनिंग सुरू. मिररमध्ये जागा नव्हती म्हणून एक वेगळी छोटी एसएसडी त्याच ग्रुपमध्ये घातली, स्नॅपशॉट साइझ २० जीबी केला. कॉन्फिगमध्ये बिघाडाचा मेलही जातो, तो पत्ता माझा आणि शेठच्या पुतण्याचा, कारण माझा एकट्याचा असता तर मी सुट्टीवर असताना परत फेब्रुवारी.

रूट आणि डेटाबेसच्या पार्टिशनवर वेगळा विचार. ती एसएसडीवर, छोटी, पूर्ण चेक मिनिटाच्या आत होतो, तिथे मायनस सी २० ठेवलं, दर वीस बूटनंतर झाला चेक तर झाला, कोणाला कळणार नाही. दिवसांची मुदत मात्र तिथेही शून्य. दिवस मोजायचे तर घड्याळ बरोबर पाहिजे, आणि बोर्डवरचा सेल उन्हाळ्यात गेला की मशीन भलत्याच तारखेला उठतं, मग कधी चेकची मुदत संपलेली वाटते तर कधी सुपरब्लॉकची शेवटची माउंट वेळ भविष्यातली निघते आणि प्रीन त्यावरच अडून बसतं.

जुन्या गाइडमध्ये रूटवर फोर्स-एफएससीके नावाची रिकामी फाईल टाकून रीबूट करा असं सापडतं, शटडाऊनला कॅपिटल एफ द्या असंही. ते सिस्टमडीच्या आधीच्या सिसव्ही इनिटच्या काळातलं. सिस्टमडीवर कर्नल लाईनमध्ये एफएससीके-डॉट-मोड फोर्स लिहायचं, एका बूटपुरतं, आणि घाईत टाळायचं असेल तर तिथेच स्किप. ऑपरेटरला मी स्किप शिकवलेलं नाही, मुद्दाम. भिंतीवर कागद लावलाय: चेक चालू असेल तर टक्के दिसतील, बिल्टी तरीही निघेल, न निघाल्यास फोन करा, बटण दाबू नका.

यूपीएसला नव्या बॅटऱ्या आल्या. यूपीएसची यूएसबी केबल खरेदीपासून खोक्यातच होती, ती सर्व्हरला लावून नट (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवलं, आता बॅटरी उतरायला लागली की सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. खरं तर सगळ्यात स्वस्त इलाज हाच होता.

राहिलं ते एक काम. ही २००८ ची रचना ट्यून-टू-एफएसने पूर्ण बदलत नाही. एक्स्टेंटचं फीचर नंतर चालू करता येतं पण जुन्या फाईली जुन्याच पद्धतीने राहतात, त्यामुळे नवी फाईल सिस्टिम बनवून सगळं त्यावर कॉपी करणं हाच सरळ मार्ग. शेठचा पुतण्या एक्सएफएस ही दुसरी फाईल सिस्टिम करू म्हणतो, तिथे बूटला चेक होतच नाही म्हणून. होत नाही हे खरं, एफएससीके-डॉट-एक्सएफएस साध्या बूटला काही न करता शून्य परत देतं, पण बिघडलं की एक्सएफएस-रिपेअर हाताने चालवायचं असतं आणि ई-टू-स्क्रब तिथे नाही. मी ईएक्सटी४ म्हणतोय, इनोडचं प्रमाण १५० केबीच्या फाईलींच्या हिशोबाने कमी ठेवून, म्हणजे टेबलही लहान. दिवाळीत गोडाऊन बंद असतं तेव्हा कॉपी करायची, त्याच दिवशी एकदा मोड फोर्स देऊन बूट करून किती मिनिटं लागतात ते मोजायचं, आणि तो आकडा भिंतीवरच्या कागदावर लिहायचा. डिस्कचं कोटेशन शेठकडे पडलंय, अजून सही नाही.